तंबूला अंगण मिळालं, आणि खोलीचं काय?

माझा मामेभाऊ गेल्या वर्षी आफ्रिकेत सायकलवर फिरून आला. नैरोबीपासून टांझानियामार्गे मलावी, मग पुढे झांबिया. दिवाळीत तो घरी आला तेव्हा आम्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, "सिंह दिसला का रे?" सिंहाबद्दल तो फारसं बोललाच नाही. मलावीतला एक दिवस मात्र त्याने तासभर सांगितला. तो ऐकल्यापासून एक गोष्ट मनात आहे, ती इथे मांडते.

मलावीच्या पूर्वेला सुमारे ५८० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. त्याच्या बाजूच्या रस्त्याने भाऊ न्खोटाकोटाहून सालिमाकडे निघाला होता. दुपारचं ऊन सोसवत नाही, म्हणून पहाटेच तंबू गुंडाळला. सामानासकट सायकल चाळीस किलोची. आपण मोठा पराक्रम करतोय, असं त्याला वाटत होतं. पण रस्त्यावर बघतो तर सगळेच सायकलवर! कुणी कोळशाची पोती लादलेली, कुणी सरपणाचा भारा. कुणी कॅरिअरवर गादी बांधून माणसं नेतोय. या सायकल-टॅक्सीला तिथे 'कबाझा' म्हणतात. एक कबाझावाला मागे लेकुरवाळी बाई बसवून, गिअर नसलेल्या सायकलवर, चढावर त्याला मागे टाकून गेला. "माझी हौस, त्याचं पोट," भाऊ म्हणाला.

दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सरोवरातले छोटे मासे खाल्ले. हातपंपावर बायकांची रांग होती, तरी त्यांनी त्याच्या बाटल्या आधी भरू दिल्या.

तिकडे सूर्य बुडाला की लगेच अंधार होतो. म्हणून पाचच्या सुमाराला एका गावात थांबून त्याने गावप्रमुखाचं घर विचारलं. रस्त्याकडेला गुपचूप तंबू ठोकण्यापेक्षा विचारलेलं बरं, हे तो वाटेत शिकला होता. म्हातारबाबांची शाळकरी नात इंग्रजीत दुभाषी झाली. प्रश्न सुरू झाले. कुठून आलास? कुठे चाललास? एकटाच का? आई आहे का? तू इथे आहेस हे तिला माहीत आहे का? उत्तरं ऐकून झाल्यावर त्यांनी अंगण झाडून दिलं आणि आंघोळीला बादलीभर गरम पाणी. सकाळी भावाने साखरेचा पुडा दिला, तो त्यांनी ठेवून घेतला.

"किती चांगली माणसं!" आमचे बाबा म्हणाले. आणि मला जून आठवला.

काचीगुड्यात आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने देतो. जूनमध्ये टांझानियाचा एक विद्यार्थी पाटी वाचून आला. दार बाबांनी उघडलं. "खोली गेली," म्हणाले. खोली गेली नव्हती. पाटी फाटकावर तशीच लटकत होती, जाताना त्याने ती पुन्हा वाचली असणार. मी जिन्यात उभी होते. काही बोलले नाही. दिवाळीतही बोलले नाही.

कुणी म्हणेल, एका रात्रीचा तंबू आणि अकरा महिन्यांचा करार, यांची तुलना कशी करता? बरोबर आहे. घर द्यायचं तर चौकशी हवीच, ओळखपत्र हवं, अनामत हवी. पण आम्ही चौकशी तरी कुठे केली? म्हातारबाबांनी पाच प्रश्न विचारून मग ठरवलं. आम्ही चेहरा बघून ठरवलं, एकही प्रश्न न विचारता. नकार देण्याचा हक्क प्रत्येक घरमालकाला आहे, असं बाबा म्हणतात. असेल. पण खोटं बोलून नकार देताना आपल्याला कशाची लाज वाटते, याचा विचार करायला हवा.

आपल्या शहरात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं-मुली आहेत. एकटं घर शोधणं त्यांना किती जड जात असेल, हे मी आमच्याच दारात पाहिलं. माझी सूचना साधी आहे. येत्या जूनमध्ये आपल्या मंडळातल्या दोघा-दोघांनी त्यांच्याबरोबर घरं बघायला जावं. म्हातारबाबांच्या नातीसारखं मध्ये उभं राहून बोलावं. फार मोठं काम नाही ते.

आमची खोली मार्चमध्ये रिकामी होतेय. या वेळी बाबांशी मीच बोलणार आहे. ते हो म्हणतीलच असं नाही, पण मी जिन्यात उभी राहणार नाही.