प्रेमपत्र उघडलं कुणी?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग नातवाची परीक्षा... कारणं काय, मागाल तेवढी देईन. पण गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं, त्यावर लिहिल्याशिवाय चैन पडेना. घरच्या वाचकांना ते माहीत आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

आमच्या वन्संना ओळखीतल्याच एका नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. त्यांनी ती उघडली. ती पत्रिका नव्हतीच! थोड्या वेळात तीच 'पत्रिका' वन्संच्या नावाने आम्हा सगळ्यांना आली. भाच्याने धावत येऊन त्यांचा फोन बंद केला, बँकेला कळवलं, म्हणून पैसे तरी वाचले. पण त्यानंतर ग्रुपवर जो उपदेश सुरू झाला! "आत्या, कितीदा सांगितलं?" "एवढ्या शिकलेल्या बाईला कळू नये?" दुसऱ्या दिवशी वन्सं ग्रुप सोडून गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हेच शब्द मी एकदा एका मुलीला सुनावले होते. ती गोष्ट आज सांगून टाकते.

सन २०००. आमच्या शाळेला पन्नास वर्षं होत होती. जूनमध्ये समारंभ आणि त्यात स्मरणिका निघायची होती. मी संपादक मंडळात. मराठीच्या बाईंना दुसरं कुठलं काम देणार! गावोगाव पत्रं घालून, घरोघर जाऊन आम्ही जुने फोटो जमवले. पत्र्याच्या शेडमधली शाळा, पहिल्या मॅट्रिकच्या बॅचची नऊ मुलं आणि दोन मुली, १९७२ च्या दुष्काळात सुकडीसाठी रांगेत बसलेली मुलं. एकूण बासष्ट फोटो. लोक ते द्यायला तयार नसायचे. "बाई, वडिलांचा एवढाच फोटो आहे," म्हणायचे. म्हणून गावातल्या छापखान्यात स्कॅन करून घ्यायचे आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत करायचे, असं ठरलं होतं. छापखान्यात संगणकावर बसायला एक मुलगी होती. माझीच विद्यार्थिनी, बारावी होऊन टायपिंग शिकलेली, वीस वर्षांची. तिला इथे वैशाली म्हणू. (खरं नाव वेगळं आहे.)

स्मरणिका समितीचे कार्यवाह पुण्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ते रोज ईमेलने मजकूर पाठवायचे आणि वैशाली तो उतरवून घ्यायची. ५ मे रोजी, शुक्रवारी, त्यांचा असाच एक मेल आला. विषयाच्या जागी इंग्रजीत 'आय लव्ह यू'. खाली एक ओळ, सोबत जोडलेलं प्रेमपत्र कृपया वाचावं अशा अर्थाची.

आता विचार करा. पन्नाशीचे, सभेत अध्यक्षांच्या शेजारी बसणारे गृहस्थ आणि वीस वर्षांची मुलगी. तिला वाटलं, कविता विभागासाठी काहीतरी असेल, कुणीतरी पाठवलेलं असेल. तिने उघडलं. काहीच दिसलं नाही. आणि थोड्या वेळाने फोटो उघडेनासे झाले.

ती कुणाला सांगणार? काय सांगणार? साहेबांनी मला असलं पत्र पाठवलं म्हणून? तालुक्याच्या गावात? ती गप्प बसली. मालकांच्या घरी दुसरा संगणक होता आणि त्यावर आमच्या सगळ्या फोटोंची दुसरी प्रत होती. दुसऱ्या दिवशी तिने न उघडणारे दोनतीन फोटो फ्लॉपीवर घेतले आणि तिकडे तरी उघडतात का, ते बघायला गेली. तिने तिथे टिचकी मारली आणि तिथले फोटोही गेले.

सोमवारी सगळं उघडकीस आलं. मालक, समितीचे तिघं आणि मी तिच्यासमोर उभे. मी म्हणाले, "असलं पत्र उघडायचंच कशाला? एवढं शिकवलं ते वाया." तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आठवड्याभरात तिने नोकरी सोडली.

नंतर पुष्कळ वर्षांनी, निवृत्तीनंतर हाताशी वेळ आणि घरात इंटरनेट आलं तेव्हा, मी हे प्रकरण नीट वाचलं. मुलाला विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं. जे कळलं ते माझ्या शब्दांत सांगते. संगणकवाल्या मंडळींनी हसू नये.

अशा कार्यक्रमाला इंग्रजीत 'वर्म' म्हणतात, म्हणजे किडा. विषाणूला दुसऱ्या एखाद्या फाइलच्या अंगावर बसून प्रवास करावा लागतो. हा किडा आपल्या पायांनी, एका संगणकातून दुसऱ्यात जातो. (मराठीत वर्म म्हणजे नाजूक, दुखरी जागा. मला विचाराल तर हा अर्थच जास्त बरोबर आहे.) तुमच्या लहानपणी पोस्टकार्डं यायची, आठवतात? 'अशीच अकरा पत्रं लिहा, नाहीतर घरावर संकट येईल.' आमची आजी भीतीपोटी आमच्याकडून ती लिहून घ्यायची. पण तिथे अकरा कार्डांचे पैसे पडायचे, हात दुखायचा, आणि निम्मे लोक कंटाळा करायचे. इथे हात दुखत नाही. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत 'मेलिसा' नावाचा किडा सुटला होता. तो वर्डच्या कागदात बसून यायचा आणि उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना त्याच्याच नावाने जायचा. पन्नासांचे अडीच हजार, अडीच हजारांचे सव्वा लाख. सगळेच काही उघडत नाहीत, पुष्कळांच्या वहीत पत्तेही तेच तेच असतात, पण मोठमोठ्या कंपन्यांची टपालयंत्रणा तुंबायला तेवढं पुरलं. तो लिहिणाऱ्याला २००२ मध्ये वीस महिन्यांची कैद झाली.

आमचं प्रेमपत्र त्याच्या पुढचं. ते पन्नासांवर थांबत नव्हतं, वहीतल्या सगळ्यांना जात होतं. ४ मे २००० ला मनिलाहून निघालं आणि जसजशा कचेऱ्या उघडत गेल्या तसतसं आशियातून युरोपात आणि तिथून अमेरिकेत पोचलं. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल बंद ठेवावी लागली. पेंटागॉन आणि सीआयएसुद्धा सुटले नाहीत. लाखो संगणक आणि अब्जावधी डॉलरचं नुकसान असे आकडे सांगतात. आकडे अंदाजाचेच, बंद पडलेल्या कचेऱ्यांचे तास आणि दुरुस्तीचा खर्च धरून काढलेले. आमचे बासष्ट फोटो त्यात कुठे असणार?

आता त्या फाइलच्या नावाकडे या. नाव होतं 'लव्ह-लेटर-फॉर-यू', त्यापुढे 'टीएक्सटी' आणि त्याच्यापुढे 'व्हीबीएस'. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा म्हणजे तिचं आडनाव समजा, त्यावरून तिचं घराणं कळतं. 'टीएक्सटी' म्हणजे साधा वाचायचा मजकूर, निरुपद्रवी. 'व्हीबीएस' म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम. खरं आडनाव शेवटचं. आणि विंडोजची त्या वेळची मूळची ठेवणच अशी की ओळखीची आडनावं ती झाकून ठेवायची! म्हणजे वैशालीला पडद्यावर दिसत होतं ते साधं पत्र.

फोटोंचंही तसंच. या किड्याने फोटो पुसले, त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवली आणि तिला फोटोचंच नाव देऊन शेवटी आपलं आडनाव चिकटवलं. ते पुन्हा झाकलेलं. म्हणून तिने फ्लॉपीवरून नेले ते फोटो नव्हतेच. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तिने शुक्रवारीच तोंड उघडलं असतं तर मालकांच्या घरची प्रत वाचली असती. आणि तिने तोंड का उघडलं नाही, ते आम्ही सोमवारी स्वतःच दाखवून दिलं.

ते लिहिणारा होता ओनेल द गुझमान, मनिलाच्या संगणक महाविद्यालयातला चोविशीतला मुलगा. लोकांचे पासवर्ड पळवायची रीत त्याने आपल्या प्रबंधाचा विषय म्हणून मांडली होती. त्याच्या मास्तरांनी, ही चोरी आहे म्हणून, तो नाकारला. मास्तरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे त्याच्यावरचे आरोप ऑगस्ट २००० मध्ये मागे घ्यावे लागले, कारण हे कृत्य घडलं तेव्हा फिलिपिन्समध्ये असा कायदाच नव्हता. जूनमध्ये केला, पण तो मागच्या कृत्याला लागू होईना. आपण तरी कुठे पुढे होतो? आपला माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला १७ ऑक्टोबर २००० ला. बऱ्याच वर्षांनी जेफ व्हाइट या पत्रकाराने ओनेलला शोधून काढलं. मनिलातल्या एका बाजारात तो मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसला होता. त्याने कबूल केलं. फुकट इंटरनेट वापरता यावं म्हणून पासवर्ड हवे होते, आणि लोकांना प्रेम हवं असतं म्हणून ते नाव दिलं, असं म्हणाला. गडबड झाल्याचं त्याला कळलं ते आईकडून. त्या माउलीच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मनात येऊन जातो.

मला म्हणायचं आहे ते असं. 'अनोळखी माणसाचं पत्र उघडू नका' हा उपदेश तेव्हाही निरुपयोगी होता, कारण पत्र ओळखीच्याच्या नावाने येत होतं. हा किडा लोभावर किंवा मूर्खपणावर पोसला गेला नाही, साहेबांच्या नावावर असलेल्या विश्वासावर पोसला गेला. जानेवारी २००४ मधल्या 'मायडूम'ने आणखीच वेगळी जागा धरली. 'तुमचं पत्र पोचलं नाही, परत आलं आहे' अशा बतावणीने तो यायचा. आपलं पत्र का पोचलं नाही हे बघणारा माणूस दोषी? त्या किड्याच्या पोटात लिहिणाऱ्याने एक चिठ्ठी ठेवली होती, मी फक्त माझं काम करतोय, वैयक्तिक काही नाही, माफ कर, अशा अर्थाची. तो कोण, हे शेवटपर्यंत उघड झालं नाही.

आणि उपाय कशाने झाला? व्याख्यानांनी नाही. २००० सालीच मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये बदल केला, तेव्हापासून असल्या फाइली अडवल्या जाऊ लागल्या आणि पत्त्यांच्या वहीला परस्पर हात लावणाऱ्या कार्यक्रमाला आधी विचारावं लागू लागलं. तेवढी कडी आधी घातली असती तर? चोर लिहिणारा होता, दार उघडं ठेवणारे दुसरेच होते, आणि उभं केलं कुणाला? वैशालीला. काळजी घेऊच नये असं मी म्हणत नाही हं, नाहीतर चिरंजीव फोन करतील. पण घरात चूक सांगायला माणूस घाबरला की किड्याला दोन दिवस जास्तीचे मिळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्गात तीस वर्षं पाटी लपवणारी पोरं बघूनही मला ते तेव्हा उमगलं नव्हतं.

स्मरणिका निघाली. लोकांच्या दारी पुन्हा जाऊन पंचेचाळीस फोटो मिळवले, सतरा मिळाले नाहीत. पहिल्या मॅट्रिकच्या बॅचच्या फोटोच्या जागी नुसती नावं छापली आहेत.

वन्संना मी भेटून आले. पुरणपोळी नेली होती. ग्रुपवर यायला अजून तयार नाहीत, पण हसल्या. मग धीर करून वैशालीचा नंबर शोधला. ती सांगलीला असते, मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मी नाव सांगितल्यावर ती क्षणभर थांबली. मी क्षमा मागायला सुरुवात करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, त्या मेलवर साहेबांचं नाव होतं हो."

"हो गं," म्हटलं, "मला ठाऊक आहे."