दावा एकाचा, साक्ष सगळ्यांची



मोजणीचे दिवस आले की वाडीवाडीत भांडणं वाढतात. ठाकरवाडी म्हणते, कातकरी आमच्या हद्दीत शिरले. कातकरवाडी म्हणते, ठाकरांनी आपले कागद आधी करून घेतले. एका झेंड्याचा माणूस दुसऱ्या झेंडेवाल्याच्या कागदावर अंगठा उठवत नाही. ज्याला पट्टा मिळाला तो बैठकीला यायचा थांबतो, आणि ज्याला मिळाला नाही तो म्हणतो, संघटना त्यांचीच आहे.

एकी ठेवा, असं सगळेच पुढारी सांगतात. भाषणात ते ऐकायला बरं वाटतं. पण आपल्या जमिनीच्या बाबतीत एकी ही भाषणातली गोष्ट नाही. ती दाव्याच्या फायलीतली गोष्ट आहे. एकी नसेल तर फाईल रिकामी राहते.

कशी, ते पाहू. वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं. दंडाची पावती आपल्यात कितीजणांकडे आहे? कुणाची पावसात भिजली, कुणाची उंदरांनी खाल्ली, आणि कितीजणांना तर गार्डाने कोंबडी घेतली पण पावती दिलीच नाही. दळीचा कागद असला तर तो आजाच्या नावाचा, आणि आज कसणारी घरं पाच-सात. हे ओळखूनच नियमात म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे. शेतातला बांध, विहीर, घर या खुणाही धरल्या आहेत. मात्र हा जबाब दावेदाराचा स्वतःचा चालत नाही. दुसऱ्या माणसाने सांगावं लागतं, की होय, ह्याचा बाप इथं नाचणी-वरी पेरत होता, मी डोळ्यांनी बघितलंय.

आता सांगा, हे सांगणार कोण? कातकऱ्याच्या दळीशेजारी ठाकराची दळी आहे. ठाकराच्या वरकशीखाली कातकऱ्याचा माळ आहे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या तोंडात आहे. बांध दोन हात सरकला म्हणून दोघांनी बोलणं सोडलं, तर दोघांचेही साक्षीदार गेले. त्यात रागाच्या भरात एकाने रेंज ऑफिसला तक्रार अर्ज दिला, की त्याचं अतिक्रमण नवीन आहे, तर तो अर्ज शेजाऱ्याच्या दाव्यावर बसतोच. उद्या तोच शेजारी तसाच अर्ज आपल्यावर देतो. प्रांत ऑफिसातल्या समितीला दोन्ही दावे बाजूला ठेवायला आणखी काय पाहिजे?

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आपली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, कोळसाभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परत येतात. मधल्या सहा-सात महिन्यांत वाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. त्याच काळात मोजणी आली की भट्टीवर गेलेल्याचा प्लॉट सुटतो. मागं राहिलेला शेजारी तेव्हा गप्प बसला, किंवा त्याहून वाईट म्हणजे ती जागा आपल्या मोजणीत धरली, तर परत आलेल्याला त्याची जमीन दिसते पण कागदावर ती नसते. हे नुकसान शेटने केलेलं नाही, वनखात्याने केलेलं नाही. हे आपल्यातल्याच माणसाने केलेलं असतं, आणि म्हणून ते जास्त लागतं.

तिसरी गोष्ट गावाची. आपला रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पेसा कायदा इथं लागू नाही. आपली वाडी बहुतेक ठिकाणी मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत बसते आणि तिथं आपण थोडे असतो. गावात आगरी आहेत, कुणबी आहेत, डोंगरावर धनगर आहेत. त्यांच्यातलेही काहीजण जंगलजमीन कसतात. कायद्याने त्यांनाही दावा करता येतो, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तो दाखवताना त्यांनाही आपल्या म्हाताऱ्यांची साक्ष उपयोगी पडते. मग ज्याचा दावा खरा आहे त्याला आपण साक्ष द्यावी आणि ग्रामसभेत आपल्या ठरावाला त्याचा हात वर व्हावा. ज्याचा दावा खोटा आहे त्याला मात्र नाही म्हणायचं, मग तो आपल्या जातीचा असला तरी.

आपण भांडलो की फायदा कुणाचा होतो हेही बघितलं पाहिजे. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, हे दलालाला पक्कं माहीत आहे. म्हणून तो आपल्या घराखालच्या जागेकडे बघतो. कितीतरी कातकरवाड्या अजून दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत, त्यांना गावठाण नाही. अलिबाग, मुरुड, पेणकडे फार्महाऊसचे भाव चढले तसा मालकाला वाडी हलवायचा मोह होतो. तो सगळ्या वाडीला कधी बोलावत नाही. एकेकाला बोलावतो. एकाला पाच हजार, एकाला बाटली, एकाला ‘तुझं घर राहील, बाकीच्यांचं बघू’. वाडी एकजागी बसली तर त्याला सगळ्यांशी बोलावं लागतं, म्हणून वाडी एकजागी बसू नये हेच त्याला हवं असतं.

आपल्या जिल्ह्याने याच्या उलटही करून दाखवलं आहे. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यात चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात इंग्रजांचा जंगल कायदा मोडायला माणसं जमली. गोळीबार झाला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांची नावं वाचा. नाग्या महादू कातकरी आहे. कोळी आहे, पाटील आहेत, घरत आहे, म्हात्रे आहे, न्हावी आहे. कातकऱ्यांचं जंगल वेगळं आणि आगऱ्यांचं वेगळं असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. गोळीनेही जात विचारली नाही.

तीन वर्षांनी अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून घरं चालवली. खोताला एक-एक कूळ फोडणं अवघड नव्हतं, कारण भूक प्रत्येक घरात होती. तरी संप टिकला आणि कुळांच्या हक्काचा कायदा पुढे आला. आज आपल्याला सहा वर्षं उपाशी राहायचं नाही. शेजाऱ्याच्या जबाबावर अंगठा द्यायचा आहे. एवढंही होणार नाही काय?

एकी म्हणजे भांडण नको, असं आम्ही म्हणत नाही. दोन शेतांना एक बांध असला की कुरबुर होणारच. मोठ्या वाडीने लहान वाडीला दाबलं तर लहान वाडीने बोललंच पाहिजे. गप्प बसवून केलेली एकी मोजणीच्या दिवशी फुटते. आमचं म्हणणं एवढंच की आपलं भांडण आपल्या वाडीत मिटवा, ऑफिसच्या टेबलावर नेऊ नका.

म्हणून प्रत्येक वाडीने येत्या महिन्यात पुढील कामं करावीत :

१. ज्या दोन वाड्यांची हद्द लागते त्यांनी एकत्र बसावं. चतुःसीमा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांसमोर फिरून ठरवावी आणि लिहून काढावी.

२. ग्रामसभा दिवाळीआधी लावायला सांगावी. भट्टीची उचल घेतलेल्यांची यादी वनहक्क समितीकडे द्यावी. त्यांचा प्लॉट दाखवायला शेजाऱ्याने उभं राहावं.

३. दाव्यावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत का ते बघावं. पट्टा दोघांच्या नावाने देण्याचं कायद्यातच आहे.

४. दावा फेटाळला तर ६० दिवसांत वर अपील करता येतं. चिठ्ठी आली की घरात ठेवू नका, बैठकीत आणा.

५. एकेकट्याच्या दाव्याबरोबर सामूहिक वनहक्काचा दावा करावा. मध, मोह, कंदमुळं, गुरांची चराई हे कुणा एकाच्या नावावर मोजता येत नाही. तो हक्क मिळाला तर सगळ्यांना मिळतो.

आणि ज्यांना पट्टा मिळाला आहे त्यांना एक सांगणं. तुमच्या फायलीत कुणाचा तरी जबाब आहे, तो काढून बघा. ज्याने तुमच्यासाठी अंगठा दिला त्याचा स्वतःचा दावा आज कुठं अडकला आहे, ते विचारा. येत्या २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्म्यांना सलाम करायला आपण जमू, तेव्हा पट्टा मिळालेला प्रत्येकजण न मिळालेल्या एकाला सोबत घेऊन यावा. त्याच बैठकीत जबाब लिहायला घेऊ.