सैल साखळी कोण ताणणार?

दोस्तांनो, सायकलची चेन कधीच पडली नाही असा तुमच्यात कोणी आहे का? नसणारच! शाळेची घंटा ऐकू येत असते आणि नेमकी तेव्हाच ती पडते. मग काळे हात, गणवेशाला डाग आणि घरी बोलणी.

चेन पडते ती सैल झाली म्हणून. मग आपण मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करतो, चाक थोडं मागे ओढतो आणि नट पुन्हा आवळतो. झालं काम. आता गिअरच्या सायकलकडे बघा. तिच्या मागच्या दातेरी चाकांखाली स्प्रिंग लावलेला एक हात लोंबत असतो. चेन जरा सैल झाली, की तो आपणहून ती ओढून धरतो. पाना नको आणि आपणही नको!

अगदी हाच फरक मोटारसायकलच्या इंजिनातही असतो. मागच्या चाकाकडे जाणारी चेन नव्हे हं, ती बाहेरून दिसते. ही चेन इंजिनाच्या पोटात असते. गॅरेजवाले तिला टायमिंग चेन म्हणतात.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यावर झडपा असतात. एक पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. त्या उघडतो तो कॅमशाफ्ट, आणि त्याला फिरवते ही चेन. खालच्या चाकाला 14 दाते असले, तर वरच्याला 28. म्हणून क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. मिनिटाला 6000 फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला 50 वेळा उघडते आणि मिटते. पिस्टन वर यायच्या आत झडपेनं बाजूला व्हायलाच हवं. वेळ चुकली, की टक्कर!

(जुन्या राजदूत, येझदी आणि आरएक्स-100 या टू-स्ट्रोक गाड्यांना ही काळजीच नव्हती, त्यांना असल्या झडपाच नसत. जुन्या बुलेटमध्ये झडपा होत्या, पण कॅम खाली गिअरवर फिरायचा. तिचं नवं, टायमिंग चेनवालं इंजिन 2020 नंतर आलं.)

आता ही पोलादी चेन सैल का होते? ती रबरासारखी ताणली जात नाही. तिच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते, ती झिजते. समजा 90 सांधे आहेत आणि प्रत्येकात 0.02 मिलिमीटर झीज झाली. गुणाकार करा: 1.8 मिलिमीटर! चेन तेवढी लांब झाली. ती फारच सैल झाली तर एक दाता ओलांडून उडी मारते. 14 दात्यांच्या चाकावर एक दाता म्हणजे जवळजवळ 26 अंश. कंपासातला कोनमापक काढून बघा, ही चूक लहान नाही.

म्हणून चेनच्या बाजूला एक वाकडी पट्टी बसवतात आणि तिच्या पाठीला टेन्शनर दाबून धरतो. कोणत्या बाजूला, हे सायकलवर बघता येईल. ती स्टँडवर लावा, मागचा ब्रेक किंचित दाबा आणि पेडल हातानं पुढे फिरवा. वरची चेन ताठ, खालची सैल. (बोटं सांभाळा!) इंजिनातही टेन्शनर अशा सैल बाजूलाच बसतो.

सगळ्यात साधा टेन्शनर म्हणजे एक बोल्ट आणि एक चेकनट. बोल्ट फिरवा, पट्टी दाबली जाते, नट आवळा. तो आपोआप मागे सरत नाही, म्हणून शर्यतवाल्यांना आवडतो. पण चेन झिजली की पुन्हा पाना हातात घ्यावा लागतो. जास्त आवळला तर पट्टी घासून झिजते, कमी आवळला तर चेन खडखडते.

1969 साली आलेल्या होंडा सीबी-750 मध्ये मधला मार्ग होता. नट ढिला केला की आतली स्प्रिंग योग्य तेवढी दाबायची, मग माणसानं नट आवळायचा. ढकलायचं स्प्रिंगनं, धरून ठेवायचं माणसानं. मला ही वाटणी फार हुशारीची वाटते.

पूर्ण स्वयंचलित टेन्शनर दोन्ही कामं स्वतः करतो. त्याच्या दांडीला करवतीसारखे दाते असतात. स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि एक खिट्टी तिला मागे येऊ देत नाही. प्लॅस्टिकचा केबल टाय पाहिलाय ना? तसंच. काहींत दात्यांऐवजी स्क्रू असतो, काहींत तेलाचा दाब.

1985 साली आपल्याकडे हीरो होंडा सीडी-100 आली, तेव्हा पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा अशी तिची जाहिरात होती. लोक खरंच विसरायला शिकले!

माझा मावसभाऊही विसरला. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून खडखड यायची, गरम झाल्यावर थांबायची. गॅरेजवाला म्हणाला, "थंडीत वाजतंच." दोन महिने वाजलं. मग एके दिवशी चढावर इंजिन बंद पडलं ते पडलंच. दुसऱ्या गॅरेजात उघडलं, तर दोन्ही झडपा वाकलेल्या. तिथल्या काकांनी टेन्शनर काढून माझ्या हातात दिला. "दांडी दाब," म्हणाले. मी अंगठ्यानं दाबली आणि ती सरळ आत गेली. जायलाच नको होती. खिट्टीचे दाते गुळगुळीत झाले होते.

मावसभाऊ चिडून म्हणाला, "काका, आता तो बोल्टवालाच बसवा. हा ऑटोमॅटिक नको."

काकांनी हात पुसत विचारलं, "बसवतो की! पण आवळणार कोण, तू?"

मावसभाऊ गप्प बसला. काकांनी कपाटातून नवा ऑटोमॅटिक टेन्शनर काढला. "हाच लाव," म्हणाले, "आणि वाजायला लागला की त्याच आठवड्यात ये."