यंत्राने केव्हा गप्प राहावे?

गप्पांच्या एखाद्या सार्वजनिक दालनात दोन बोलकी यंत्रे एकाच वेळी हजर असली, तर काय घडेल? कोणी ‘नमस्कार’ म्हटले की उलट ‘नमस्कार’ म्हणावे, एवढेच दोघांनाही शिकवलेले आहे. पहिले नमस्कार करते, दुसरे प्रतिनमस्कार करते आणि तो वाचून पहिले पुन्हा नमस्कार करते. माणसे दोनदा हसून थांबली असती. यंत्रांना थांबणे कोणी शिकवलेले नसते. काही क्षणांत पडदा नमस्कारांनी भरून वाहू लागतो आणि ज्यांच्या संवादासाठी ते दालन उघडले होते, ती माणसे निमूटपणे निघून जातात.

या संकटाची कल्पना फार पूर्वीच आलेली होती. फिनलंडमधील औलू विद्यापीठात १९८८ च्या ऑगस्टमध्ये यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’, म्हणजेच आयआरसी, ही व्यवस्था निर्माण केली. एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांवरून जगभरातील माणसांना लेखी गप्पा मारता याव्यात, हा तिचा हेतू. विषयवार दालनांना तिथे ‘चॅनल’ म्हणतात. या व्यवस्थेचे नियम मे १९९३ मध्ये लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यांत ‘नोटीस’ नावाचा एक संदेशप्रकार आहे. त्याला कोणत्याही यंत्राने आपोआप उत्तर देता कामा नये, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे आणि कारणही दिले आहे : दोन स्वयंचलित यंत्रे एकमेकांना उत्तरे देत न संपणाऱ्या फेऱ्यात अडकू नयेत. यंत्राने बोलावे कसे, याबरोबरच त्याने गप्प केव्हा राहावे, याचाही विचार या माध्यमाने आरंभीच केला होता. बॉट उभारणाऱ्या उत्साही मंडळींना नेमका हाच भाग आठवत नाही.

बॉट म्हणजे माणसाप्रमाणेच नाव घेऊन चॅनलमध्ये शिरणारी आणि अहोरात्र तिथे बसून राहणारी आज्ञावली. तिचा जन्म गरजेतून झाला. जुन्या जाळ्यांवर चॅनलची मालकी कोठेही नोंदवलेली नसे. शेवटचा माणूस उठून गेला, की त्याचे अधिकारही जात. दोन सर्व्हरांमधील दुवा तुटला, की त्या गोंधळात परके लोक अधिकार बळकावत. अशा वेळी न झोपणारा पहारेकरी हवा होता. ‘एगड्रॉप’ हा प्रसिद्ध बॉट १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका चॅनलच्या रक्षणासाठीच लिहिला गेला. पुढे बॉट सभांची इतिवृत्ते लिहू लागले आणि नवख्यांच्या ठरावीक प्रश्नांना तयार उत्तरे देऊ लागले. त्यांची उपयुक्तता नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न आहे तो उत्तरदायित्वाचा. ‘बॉट म्हणजे केवळ आज्ञावली, नको असेल त्याने दुर्लक्ष करावे,’ असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. तो टिकणारा नाही. दुसऱ्याच्या अंगणात ध्वनिक्षेपक लावून ‘ज्याला नको त्याने कान झाकावेत’ असे म्हणण्यासारखेच हे आहे. चॅनल ज्यांनी उभारले त्यांची परवानगी, आणि सर्व्हर जे चालवतात त्यांचे नियम, या दोन्हींची विचारपूस बॉट आणण्यापूर्वी झाली पाहिजे. बॉटने आपण बॉट आहोत हे लपवू नये. काही सर्व्हरांवर तसे जाहीर करण्याची सोयही आहे. तो कोणाचा, आणि तो बिघडल्यास कोणाला कळवावे, हेही विचारताक्षणी समजले पाहिजे. रोगट आज्ञावलींनी ग्रासलेल्या हजारो संगणकांना आयआरसीच्या चॅनलवरूनच गुप्त आज्ञा दिल्या जात असत. तो इतिहास ठाऊक असलेला सर्व्हरचालक निनावी बॉटकडे संशयाने पाहतो, यात नवल नाही.

चांगला बॉट हाक मारल्यावरच बोलतो. ठरलेल्या चिन्हाने आरंभ होणारा संदेश आला तरच उत्तर द्यावे. उत्तर लांबलचक असेल, तर ते विचारणाऱ्याला एकट्याला पाठवावे. १९९३ च्या नियमांत प्रत्येक संदेशामागे दोन सेकंदांचा दंड सांगितला आहे, म्हणजे सलग बोलणाऱ्याचा वेग सर्व्हरच रोखतो. मराठीत बोलणाऱ्या बॉटला इथे आणखी एक अडचण भेडसावते. आयआरसीवरील एका संदेशाची मर्यादा ५१२ बाइटांची. सध्या रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि अनुस्वार यांना प्रत्येकी तीन लागतात. ‘शाळा’ हा छोटासा शब्दसुद्धा बारा बाइट खातो. परिणामी मराठी वाक्य अर्ध्यावर तुटते, कधी अक्षराच्या मधोमध तुटून तिथे निरर्थक खूण उमटते. ते टाळण्यासाठी उत्तराचे अनेक तुकडे केले, तर भडिमाराचा दोष माथी येतो. तेव्हा मराठी बॉटला मितभाषी राहण्यावाचून गत्यंतर नाही. आणि ते एका अर्थी बरेच आहे!

अधिकारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. निषिद्ध शब्दांची यादी देऊन, तो शब्द उच्चारणाऱ्यास हाकलण्याचे काम अनेक जण बॉटवर सोपवतात. पण एका भाषेतील शिवी दुसऱ्या भाषेत साधा शब्द असू शकते. कोणी तो शब्द तक्रार करतानाही उद्धृत केलेला असतो. यंत्राला हा संदर्भ समजत नाही आणि बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळत नाही. मध्यरात्री शेकडो बनावट नावांनी चॅनलवर धाड घातली, तर यंत्राने दार लावावे, हे मान्य. मात्र ती बंदी काही वेळाने आपोआप उठावी आणि कायमची हकालपट्टी माणसानेच करावी.

सर्वांत गंभीर बाब नोंदी ठेवण्याची आहे. जुन्या आयआरसीवर सर्व्हर संभाषण साठवत नसे. जो हजर नव्हता, त्याला मागचे बोलणे ऐकू येत नसे. लोकही त्याच विश्वासाने बोलत. चॅनलमध्ये मुकाट बसलेला एक बॉट हा विश्वास कायमचा बदलतो. घरी बसून शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने भाबडेपणाने विचारलेला प्रश्न, कोणाच्या आजाराचा ओझरता उल्लेख, रागाच्या भरात निसटलेले वाक्य हे सारे वर्षानुवर्षे शोधता येण्याजोगे होऊन बसते. मुक्त आज्ञावलींच्या अनेक प्रकल्पांत अशा नोंदी उघडपणे ठेवल्या जातात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण तिथे येणाऱ्याला ते आधी ठाऊक असते. जिथे चॅनलच्या शीर्षकात तशी सूचना नाही, तिथे नोंदणारा बॉट म्हणजे दाराआड कान लावून उभा राहिलेला माणूस होय. बडबड्या बॉटचा उपद्रव निदान दिसतो तरी. याचा दिसतच नाही.

आज आयआरसीवरील गर्दी ओसरली आहे. तरी २०२१ च्या मे महिन्यात ‘लिबेरा चॅट’सारखे नवे जाळे उभे राहिले आणि पुष्कळ मुक्त प्रकल्प तिथे वसले. बॉटही बदलले. पूर्वीच्या बॉटचे प्रत्येक वाक्य त्याच्या मालकाने स्वतः लिहिलेले असे. भाषेच्या प्रचंड प्रारूपांवर चालणारा आजचा बॉट पुढे काय बोलेल, हे मालकालाही आधी सांगता येत नाही. यावरून मालकाची जबाबदारी घटली, असा अर्थ काही जण काढतात. वास्तविक ती वाढली आहे. न वाचलेल्या पत्राखाली सही करणाऱ्याने अधिक सावध असायला हवे. असा बॉट सोडून देऊन निश्चिंत झोपता येत नाही. त्याच्यावर कोणाची तरी नजर हवी, आणि एका आज्ञेसरशी त्याला गप्प करण्याचा अधिकार चॅनलमधील एकाहून अधिक माणसांच्या हाती हवा.

मालकाचा उत्साह मावळतो, परीक्षा येतात, नोकरी लागते. बॉट मात्र चालूच राहतो. दुवा तुटला की पुन्हा जोडून घेतो, जुने अधिकार आणि जुना परवलीचा शब्द बाळगून बसतो. चॅनलमधील नवी माणसे ‘हा कोणाचा?’ असे एकमेकांना विचारतात. कोणीतरी शेवटी त्यालाच विचारते, आणि तो आपल्याला येणाऱ्या आज्ञांची यादी पाठवतो.