पाहुणे दारात, चूल विझलेली

दुपारची भांडी घासून झाली, चूल सारवून झाली, आता घडीभर पाठ टेकावी म्हटले की फोन वाजतो. "सेलूच्या पुढे आलोत, अर्ध्या तासात पोचतो!" पूर्वी एस. टी. च्या वेळेवरून पाहुण्यांचा अंदाज यायचा. परभणीची गाडी फाट्यावर किती वाजता थांबते, हे पोराटोरांनाही पाठ असे. आता दारोदार मोटारसायकली झाल्या. पाहुणा कोणत्याही घटकेला उगवतो.

पाहुणा आला म्हणजे घराला शोभा आली, यात शंका नाही. पण त्या शोभेत घरची बाई कुठे असते? ती असते चुलीपुढे. कांदे चिरा, पोहे भिजवा, भजी तळा, चहाचे आधण ठेवा. पाहुणे निघाले की पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "बसा की अजून थोडं!" आपण मात्र त्यांच्याजवळ एक क्षणही बसलेल्या नसतो.

आमच्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट सांगते. सात-आठ माणसे होती. बैठकीत सतरंजी अंथरली होती. आई सकाळपासून चुलीपाशी. आधी पोहे, मग भजी, मग शिरा, मग चहा, पुन्हा चहा. शेती किती, घरात माणसे किती, मुलगा बोलतो कसा, देण्याघेण्याचे काय, हे सारे बैठकीत चालले होते. आईच्या कानावर आले ते फक्त कढईतल्या तेलाचे चुरचुरणे. पाहुणे गेल्यावर वडील आत आले आणि म्हणाले, "ठरलं." आईने जावयाला नीट पाहिले ते अंतरपाट दूर झाल्यावर. बहिणीचा संसार पुढे कसा झाला ते इथे सांगत नाही. पण आई म्हातारपणीसुद्धा एकच म्हणायची, "मी घडीभर बाहेर बसले असते, तर त्या माणसाच्या आवाजावरूनच मला कळलं असतं."

आमचे माहेर गंगाखेड तालुक्यातले. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनीला दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याला कढई धरू लागायला कोण येणार? तेव्हा आपणच जरा अक्कल लढवावी आणि पाहुण्यांच्या ताटलीचे काम आदल्या रात्रीवर ढकलावे. आज असा पदार्थ सांगते की ज्याला आयत्या वेळी चूल लागत नाही, तेल तापवावे लागत नाही आणि बाजारातून शेव-चिवड्याची पुडीही आणावी लागत नाही. तो म्हणजे चक्क्याचे तिखट गोळे.

चक्का आपल्याला नवा नाही. पाडव्याला आणि दसऱ्याला श्रीखंडासाठी आपण दही बांधतोच. पण चक्का म्हटला की साखर, अशी आपली समजूत झाली आहे. त्याच चक्क्यात मीठ, मिरची आणि लसूण घालून पाहा. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या मुलखांत असेच दही बांधून, मीठ घालून त्याला 'लबनेह' म्हणतात. त्याचे गोळे करतात, वर ऑलिव्हचे तेल सोडतात आणि रोटीबरोबर पाहुण्यांपुढे ठेवतात. शहरातल्या हॉटेलांत चीजचे तुकडे काडीला टोचून देतात, त्याच जातीचा हा पदार्थ. फरक इतकाच की आपले दूध गोठ्यातले आणि तेल करडईचे.

यात होते काय ते समजून घेऊ. विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दुधातले केसीन नावाचे प्रथिन गोठते, म्हणजे दही लागते. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि प्रथिने व स्निग्धांश फडक्यात राहतात. तोच चक्का. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली आणि तेथे १९७६ साली अन्नतंत्र महाविद्यालय निघाले. तिथली मुले दुधाच्या पदार्थांचे हेच शास्त्र वर्गात बसून शिकतात. आपण ते शिंक्याखाली उभ्या राहून शिकू.

आता कृती. सात-आठ पाहुण्यांना पुरेल असे प्रमाण देते.

घट्ट दही १ लिटर, मीठ पाऊण चहाचा चमचा, हिरव्या मिरच्या २, लसणाच्या पाकळ्या ४, जिरे अर्धा चमचा, मूठभर कोथिंबीर, घाण्याचे करडईचे तेल २ चमचे. गोळे घोळवायला कारळाची किंवा जवसाची चटणी, नाहीतर शेंगदाण्याचा कूट. ही चटणी आपल्या घरात बरणीत असतेच.

दूध मात्र नीट उकळलेलेच हवे. रोज आपण दूध तापवतोच, त्याच तापवलेल्या दुधाला विरजण लावावे. पदार्थ चुलीवर जात नाही, म्हणून हे पथ्य जास्तच कडक पाळावे. जनावर गाभडण्याचा जो ब्रुसेलोसिस नावाचा रोग आहे, त्याचे जंतू कच्च्या दुधातून माणसाच्या अंगात शिरतात. क्षयाचेही तसेच. लाल कंधारी गाईचे दूध असो की मराठवाडी म्हशीचे, हा नियम सगळ्यांना एकच. म्हशीच्या दुधाचा चक्का घट्ट आणि पांढराशुभ्र होतो. गाईचा जरा मऊ आणि पिवळसर होतो. साय काढून घेतलेल्या दुधाचा चक्का कोरडा व भुरभुरीत निघतो, म्हणून एका दिवसापुरती साय राहू द्यावी.

दही लागले की लगेच बांधावे, आंबट होऊ देऊ नये. मलमलचे किंवा जुन्या धोतराचे स्वच्छ फडके उकळत्या पाण्यातून काढून पिळून घ्यावे. त्यात दही ओतून पुरचुंडी बांधावी आणि शिंक्याला टांगावी. खाली स्टीलचे पातेले ठेवावे. कल्हई नसलेले पितळेचे किंवा तांब्याचे भांडे ठेवू नये, आंबट पाणी त्याला लागते. शिंके नसेल तर खुंटी चालेल, पण मांजराची उडी तिथवर पोचत नाही ना, ते आधी पाहावे. आमच्या घरी एकदा पाहुण्यांच्या आधी मांजरानेच पाहुणचार घेतला होता!

थंडीत १२ ते १४ तास लागतात. परभणीची थंडी बोचरी असते, त्या दिवसांत रात्री टांगलेले दही सकाळपर्यंत गोडच राहते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की गोष्ट वेगळी. तेव्हा ६-७ तासांत उरकावे. पुरचुंडी माठाजवळच्या गार जागी टांगावी आणि भोवती ओले फडके धरावे. उन्हाळ्यात निम्मे मीठ दह्यातच कालवून मग बांधावे. मिठाने पाणी लवकर सुटते आणि आंबणेही जरा सावकाश होते. घरात फ्रीज असेल तर चाळणीत फडके घालून, वर झाकण ठेवून दही आतच निथळू द्यावे, म्हणजे ऋतूची काळजीच नाही. १ लिटर दह्याचा साधारण तिसरा हिस्सा चक्का उतरतो, म्हशीचा त्याहून थोडा जास्त.

गोळे वळायचे असतील तर पुरचुंडी उतरवल्यावर पाटावर ठेवून वर वरवंट्याचे वजन द्यावे. दोन तासांत उरलेले पाणीही निघते. मग मिरची, लसूण, जिरे आणि उरलेले मीठ पाट्यावर किंवा खलात कच्चेच वाटून घ्यावे. कोथिंबीर बारीक चिरावी. हे सारे चक्क्यात हलक्या हाताने कालवावे. तळहाताला तेलाचे बोट लावून मोठ्या बोराएवढे गोळे वळावेत. वीसेक होतात. निम्मे कारळाच्या चटणीत आणि निम्मे शेंगदाण्याच्या कुटात घोळवावेत. ताटलीत काळे आणि बदामी असे एकाआड एक मांडले की पाहणारा विचारतोच, "हे काय केलंय, वहिनी?" वरून करडईचे तेल थेंब थेंब सोडावे. 'परभणी कुसुम' ही करडईची जात इथल्याच विद्यापीठाने दिली. करडई आपल्या काळ्या रानातली, मग तिचे तेल आपल्या ताटलीत का नसावे?

गोळे वळायला वेळ नसेल तरी हरकत नाही. कालवलेला चक्का वाटीत काढावा, मधे बोटाने खळगा करून त्यात तेल व लाल तिखट घालावे. सोबत काकडीच्या चकत्या, गाजर, मुळा, कांद्याची पात. सकाळची ज्वारीची भाकरी उन्हात कडक झालेली असेल तर तिचे चतकोर-नितकोर तुकडे करून ठेवावेत. कडक भाकरीवर गार, तिखट चक्का लावून खाल्ला की पोह्यांची आठवण कोणाला येत नाही. चहा तेवढा करावा लागतो, पण एक आधण म्हणजे काही तळण नव्हे.

पातेल्यात निथळलेले पाणी फेकू नका. त्याचा हिरवट पिवळा रंग ब-२ जीवनसत्त्वाचा आहे. दह्यातला चुनाही बराचसा त्यात उतरतो. त्यात जिरे आणि हिंग घालून ते प्यावे, कढीत घालावे किंवा धपाट्याचे पीठ त्यातच भिजवावे. धपाटे मऊ होतात आणि आंबूस चव लागते. फार झाले तर दहा पट पाणी घालून कढीपत्त्याच्या झाडाला द्यावे. मीठ कालवून दही बांधले असेल तर मात्र ते पाणी झाडाला नको.

जपायच्या दोन गोष्टी. चटणी कालवलेला चक्का फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवावा, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. नुसता साधा चक्का आणखी एखादा दिवस टिकतो, म्हणून लसूण-मिरची आयत्या वेळी घालणेच बरे. दुसरे असे की ओला लसूण तेलात बुडवून बरणी दिवसेंदिवस बाहेर ठेवू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे विषारी जंतू वाढू शकतात. वास येत नाही, चव बदलत नाही, पण माणूस दगावू शकतो.

कोणी म्हणेल, १ लिटर दही बांधायचे म्हणजे डेअरीच्या मापात तेवढे दूध कमी. खरे आहे. पण बाजारच्या पुड्यांनाही पैसे पडतातच, आणि ते पैसे गावाबाहेर जातात. शिवाय सारे दूध डेअरीला घालून घरच्या पोरांना काळा चहा देणारी घरेही आपण पाहतो. पाहुण्यांच्या निमित्ताने का होईना, घरातले दूध घरात राहिले तर पोरांच्या तोंडातही दोन गोळे पडतील.

आता शेवटची गोष्ट. गेल्या माघात माझ्या लेकीला पाहायला पाहुणे आले. रात्रीच दही टांगले होते, सकाळी गोळे वळून झाकून ठेवले. पाहुणे आले तशी ताटली ठेवली, पाणी दिले आणि मी सतरंजीच्या कडेला बसले. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी उठले नाही. बोलता बोलता मी विचारले, "लेक परभणीला शिकते. एक वर्ष राहिलंय. तेवढं पुरं करू द्याल ना?" मुलगा काही बोलायच्या आत त्याचे काका म्हणाले, "शिकून काय करायचं? आमच्या घरी काय कमी आहे?" आणि मुलगा हसला. त्या हसण्याने मला सांगायचे ते सारे सांगितले.

रात्री यजमानांना म्हटले, "हे घर नको." ते म्हणाले, "मला तर माणसं चांगली वाटली." "तुम्ही पीकपाण्याचं बोलत होता. मी ऐकत होते." ते थोडा वेळ गप्प राहिले. सकाळी त्यांनीच नकार कळवला. लेक यंदा शेवटची परीक्षा देते आहे. वाईट एवढेच वाटले की त्या काकांना गोळे फार आवडले होते, एकट्याने पाच खाल्ले!

तेव्हा भगिनींनो, पाहुणचार करावा, मनापासून करावा, पण बैठकीत आपलीही जागा धरून करावा. आज रात्री एक पुरचुंडी शिंक्याला लावून ठेवा. उद्या पाहुणे आले तर उत्तम. न आले तर घरची पोरे आहेतच.