दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : अंतर तेच, वाट मात्र लांबची

विशेष प्रतिनिधी

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ही सरळ वाट तिबेटच्या पठारावरून, सैबेरिया आणि आर्क्टिक ओलांडून अलास्काकडे उतरते. प्रवासी विमाने मात्र हिमालय व तिबेटवरून जाणे टाळतात. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटल्यास विमान तातडीने खाली आणावे लागते आणि तेथील शिखरे तेवढी मोकळीक देत नाहीत. त्यामुळे पूर्वेची किंवा पश्चिमेची, अशी कोणती तरी वळणाची वाट धरावी लागते.

वेळेचा हिशेब केवळ किलोमीटरवर ठरत नाही, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दाखवून दिले. अटलांटिकवरून जाणारा सुमारे १३,९०० किलोमीटरचा मार्ग सोडून कंपनीचे विमान पॅसिफिकवरून गेले. अंतर १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले. पण प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर संपला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरील वेगवान वारे पाठीशी होते. परतीच्या प्रवासात याच वाटेवर ते समोरून येतात. वाऱ्याची साथ हवी असेल, तर परतताना अटलांटिक ओलांडून पश्चिमेकडून भारतात शिरावे लागते.

नेमके हेच दार राजकारणामुळे बंद होते. बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद केलेले आकाश १६ जुलैला खुले झाले. त्यातील २ जुलैपर्यंतच्या काळात एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी तीच बंदी पुन्हा आली. अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना वा कोपनहेगन येथे इंधनासाठी उतरावे लागले.

रशियाचे आकाश हा दुसरा पेच. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने याच दोन शहरांमधील सेवा स्थगित केली. एअर इंडिया मात्र रशियावरून उडत राहिली. त्या सवलतीची दुसरी बाजू जून २०२३ मध्ये दिसली. इंजिनातील बिघाडामुळे दिल्लीहून निघालेले विमान रशियातील मगदान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवाशांना पर्यायी विमान येईपर्यंत त्या दुर्गम गावी मुक्काम करावा लागला.

वाट लांबली की इंधन वाढते. ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जळते. मग माल कमी घ्यावा लागतो, प्रसंगी आसने रिकामी ठेवावी लागतात, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा आड येते. या साऱ्याचा भार अखेर तिकिटावर पडतो. कॅलिफोर्नियातील मुलांकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांच्या दृष्टीने मधला एक थांबा म्हणजे केवळ वेळापत्रकातील नोंद नव्हे; उतारवयातील शरीराला ती काही तासांची जादा शिक्षा असते. विमाने अधिक पल्ल्याची झाली, तरी दोन शहरांमधील वेळ ठरवण्याचा अधिकार अजून शेजाऱ्यांच्या संबंधांकडेच आहे.