अर्धांगिनीचा अर्धा नफा

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात डोईफोडिया नावाचे गाव आहे. तेथील एक गृहस्थ आणि आपल्या फोंड्याचा एक गृहस्थ, अशा दोघांची कल्पना करू. दोघेही विवाहित, दोघेही करपात्र वेतन मिळविणारे. दोघांनीही स्वतःच्याच नावाने म्युच्युअल फंडाच्या एकाच समभाग योजनेत पैसे गुंतविले, तीन वर्षांनी एकाच दिवशी युनिटे विकली आणि दोघांनाही २,४०,००० रुपये नफा झाला. देश एक आणि आयकराचा कायदाही एक. तेव्हा दोघांची विवरणपत्रेही सारखीच असणार, असे कोणालाही वाटेल. पण ती तशी नसतात.

डोईफोडियाच्या गृहस्थाचा नफा त्याच्या एकट्याचा. २३ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे अशा दीर्घ मुदतीच्या नफ्यातील वर्षाला १,२५,००० रुपये करमुक्त आहेत आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर आहे. म्हणजे १,१५,००० रुपयांवर १४,३७५ रुपये कर आणि त्यावर चार टक्के उपकर. फोंड्याच्या गृहस्थाचा नफा मात्र कायद्याने निम्मा त्याचा आणि निम्मा त्याच्या पत्नीचा. प्रत्येकी १,२०,००० रुपये; दोन्ही वाटे मर्यादेच्या आत आणि दुसरा असा नफा नसेल तर त्यांवर कर शून्य!

ही गोमंतकीयांवर केलेली मेहेरबानी नव्हे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरही पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक कायदा येथे कायम राहिला. त्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतीपत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि हिंदू कुटुंबेही याला अपवाद नाहीत. आयकर कायद्यात १९९४ साली कलम ५अ घालून, १ एप्रिल १९६३ पासूनच्या परिणामाने, हे तत्त्व स्वीकारण्यात आले. वेतन ज्याचे त्याच्याकडे राहते. व्याज, भाडे, धंद्याचे उत्पन्न आणि भांडवली नफा मात्र पतीपत्नींत समान विभागायचा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही विभागणी कायम आहे. केवळ गोव्यात घर घेतल्याने ती लागू होत नाही, आणि जो या कायद्याखाली येतो त्याला गैरसोयीच्या वर्षी ती टाळताही येत नाही.

तरीही जुलै महिना जवळ आला की घरोघर काय घडते? आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात सारी विक्री पतीच्या नावावर दिसते, म्हणून सारा नफा त्याच्याच विवरणपत्रात जातो. शिवाय १,२५,००० रुपयांपर्यंतचा असा नफा २०२५-२६ या कर-निर्धारण वर्षापासून ‘सहज’ नमुन्यात दाखविता येतो, हे ऐकून अनेक जण तोच नमुना भरतात. परंतु ज्याला उत्पन्न पतीपत्नींत विभागायचे आहे त्याला ‘सहज’ वापरता येत नाही. त्याने दुसरा नमुना, आणि धंद्याचे उत्पन्न असल्यास तिसरा, घेऊन त्यातील ५अ चे परिशिष्ट भरावे, जोडीदाराचे नाव व पॅन क्रमांक द्यावा आणि निम्मा हिस्सा तेथे लिहावा. दुसरा निम्मा पत्नीच्या हिशेबात धरावा. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत पैसे वळविणे हीदेखील विक्रीच होय, हेही येथे ध्यानात ठेवावे.

पण आम्हाला वाचलेल्या चौदा हजारांहून अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. घर किंवा बागायत विकायची तर येथील कायद्याने पत्नीची संमती लागते. निबंधकासमोर तिची सही व्हावी लागते. म्युच्युअल फंडाची युनिटे विकायला पतीच्या भ्रमणध्वनीवर बोटाचा एक स्पर्श पुरतो. पूर्वी घराण्याची पुंजी पोफळींच्या कुळागरांत आणि दागिन्यांत होती. ती पत्नीच्या डोळ्यांसमोर होती. आज तीच पुंजी अदृश्य खात्यांत जात आहे, आणि जे दिसत नाही त्यातील हिस्सा मागायचा कसा? अशा वेळी पत्नीचा निम्मा वाटा वर्षातून एकदा तरी कागदावर येण्याची जागा म्हणजे विवरणपत्रातील हे परिशिष्ट. ते कोरे ठेवणे म्हणजे केवळ कराचा हिशेब चुकविणे नव्हे. तिचा हक्क नोंदविण्याची संधी दवडणे आहे.

आपल्या विवाहविधीत वर धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत वधूला न डावलण्याचे वचन देतो. त्यातील ‘अर्थ’ हा शब्द अक्षता पडताच विसरला जातो. कितीएक गृहिणींना आपल्या नावाने विवरणपत्र भरले गेल्याचेही ठाऊक नसते. संकेतांक आला की तो सांगायचा, एवढेच त्यांचे काम. हिशेबनिसांनी पतीबरोबर पत्नीलाही समोर बसवावे. आयकर खात्याने ५अ चे परिशिष्ट कसे भरावे हे मराठीत व कोंकणीत छापून तालुक्यातालुक्यांत पोहोचवावे. आणि पतीने यंदा विवरणपत्र धाडण्यापूर्वी ते पत्नीपुढे ठेवून एवढेच म्हणावे, ‘‘यातला निम्मा नफा तुझा आहे, एकदा वाचून घे.’’ डोईफोडियाच्या गृहस्थाला हे कायद्याने सांगितलेले नाही. आपल्याला सांगितले आहे.